पाठाचे टाचण : एका वहीचा इतिहास

माझा पहिला सराव पाठ भूगोलाचा होता. विषय भरती-ओहोटी. टाचणवही अशी सुरेख लिहिली होती की, पाहणाऱ्याने नुसत्या अक्षरालाच गुण द्यावेत. मजकूर मात्र माझा नव्हता. वरच्या वर्गातल्या एका मित्राच्या वहीवरून मी तो जसाच्या तसा उतरवला होता. प्रस्तावनेचा पहिला प्रश्न असा होता : समुद्रकिनाऱ्यावर सकाळी आणि सायंकाळी पाण्यात काय फरक दिसतो? त्यापुढे अपेक्षित उत्तरही लिहून ठेवलेले होते.

वर्ग होता मराठवाड्यातल्या एका खेड्यातला. मी प्रश्न विचारला आणि चाळीस मुले माझ्या तोंडाकडे पाहू लागली. समुद्र त्यांतल्या एकानेही पाहिलेला नव्हता. शेवटी मागच्या रांगेतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, समिंदर म्हंजी आपल्या तळ्यावानीच असतोय का?" या प्रश्नाला माझ्या टाचणात जागाच नव्हती! मी त्याला म्हटले, "खाली बस," आणि फळ्यावर हेतुकथन लिहिले : आज आपण भरती-ओहोटीची माहिती घेऊ.

पाठ पस्तीस मिनिटांत ठरल्याप्रमाणे संपला. पाठ पाहायला आलेल्या गुरुजींनी वहीत शेवटी एकच ओळ लिहिली : "त्या मुलाच्या प्रश्नापासून पाठ सुरू करायला हवा होता."

मित्रहो, ही टाचणवही आली कुठून, तिच्यात कोणी काय भर घातली, आणि आज कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या गावी नवा छात्राध्यापक किंवा छात्राध्यापिका पाठाला उभी राहते तेव्हा तिने ती वही कशी लिहावी, एवढेच आज सांगायचे आहे.

जुन्या पंतोजींना टाचण लागत नसे. देवळाची ओसरी किंवा कोणाची पडवी, समोर धूळपाटी, आणि शिकवायचे ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले : धुळाक्षरे, उजळणी, पावकी-निमकी, मोडी वाचन आणि थोडा जमाखर्च. एकाच वेळी साऱ्यांनी एकच गोष्ट शिकावी असा आग्रह तिथे नव्हता. एकजण अक्षरे गिरवी, दुसरा पाढे घोकी, आणि थोरली मुले धाकट्यांना सांगत. मद्रासेकडे अशीच चाल अँड्र्यू बेल या पाद्रीसाहेबाने पाहिली. त्यावर त्याने 1797 साली पुस्तक लिहिले, आणि मग इंग्लंडातल्या शाळांत 'मद्रास पद्धत' या नावाने तिचा प्रसार झाला.

या पद्धतीत गुण होता तो असा की, ज्याचे जिथे अडले तिथून त्याला पुढे नेता येई. दोषही थोडे नव्हते. पाठ केलेले समजले की नाही, हे कोणी विचारीत नसे. छडीचा कारभार होता. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तर त्या ओसरीची पायरीही चढता येत नव्हती.

इंग्रजी अमलात शाळेचे रूप पालटले. एक वर्ग, एक पुस्तक, एक तास, आणि समोर तीस-चाळीस मुले. सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट समजावून सांगायची म्हटल्यावर शिक्षकाला घरून विचार करून येणे भाग पडले. टाचणाचे मूळ या अडचणीत आहे. त्यासाठी शिक्षकालाच आधी शिकवावे लागणार होते. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत तयार झालेले 24 शिक्षक 1826 साली जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवण्यात आले. 1854 च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडिताने सांभाळले, आणि 'शालापत्रक' हे मासिक खास शिक्षकांसाठी निघू लागले.

याच काळात पुण्यात दुसरीही एक शाळा उभी राहत होती. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्या वेळच्या अहमदनगरात फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे घेतले. 1848 साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शिकवण्याआधी शिकवण्याचे शिक्षण घ्यावे लागते, हे आपल्याकडे ज्यांनी प्रथम ओळखले त्यांत या बाई आहेत.

पुढे 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षकावर नेमके बोट ठेवले. शिक्षक प्रशिक्षण घेतलेला असावा; शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल आणि त्यांच्या गरजा ओळखेल; त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, आणि मोठ्या गावी तो पंधरा-वीस रुपये असावा; खेड्यातल्या मुलाला शेतीचे प्राथमिक ज्ञान मिळावे. जोतीरावांनी टाचणाचे नाव घेतले नाही. पण समोरचे मूल कोणत्या घरातून आले आहे ते शिक्षकाला ठाऊक हवे, हे चांगल्या टाचणाचे पहिले कलम त्यांच्या निवेदनात आहेच.

आता टाचणवहीतल्या रकान्यांकडे वळू. ते जर्मनीतून आले. योहान फ्रीडरिश हर्बार्ट हा तत्त्वज्ञ 1776 साली जन्मला आणि 1841 साली वारला. त्याचा मुख्य विचार आपल्या शेतकऱ्याला सहज पटेल असा आहे. बी टाकण्याआधी जमीन तयार करावी लागते. तसे नवे ज्ञान मुलाच्या जुन्या ज्ञानात रुजवावे लागते. जुन्याशी ज्याचा सांधा जुळला नाही ते मनात टिकत नाही. हर्बार्टने शिकवण्याचे चार टप्पे सांगितले. त्सिलर आणि राइन या त्याच्या अनुयायांनी त्याच्या पाच पायऱ्या केल्या : पूर्वतयारी, विषयाचे प्रतिपादन, तुलना, नियम काढणे आणि उपयोजन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पायऱ्या इंग्लंड-अमेरिकेत पसरल्या, आणि तिथून आपल्या अध्यापक विद्यालयांत आल्या.

पायऱ्या आल्या, त्याबरोबर एक अनर्थही आला. हर्बार्टने ज्या पूर्वज्ञानावर सारी इमारत उभी केली, ते पूर्वज्ञान मुलाला न विचारताच वहीत लिहिले जाऊ लागले. 'विद्यार्थ्यांना समुद्राची माहिती आहे' असे रात्री कंदिलापाशी बसून लिहायचे आणि सकाळी तसेच गृहीत धरून बोलायचे! माझ्या त्या पाठात झाले ते हेच. दोष हर्बार्टचा नव्हता. मी त्याची पायरी उचलली, पण तिच्यामागचा प्रश्न घरीच ठेवून गेलो.

हा प्रश्न वर्गात परत आणण्याचे काम आपल्याकडे अनेकांनी केले. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींच्या कल्पनेवरून डॉ. झाकीर हुसेन समितीने बुनियादी शिक्षणाची योजना आखली. तीत 'समवाय' हा शब्द महत्त्वाचा होता. मूल तकलीवर सूत काततानाच तार मोजते, म्हणजे गणित आले. कापूस कुठे पिकतो ते पाहते, म्हणजे भूगोल आला. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1935 साली ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले. खेड्यातल्या शाळेसाठी खेड्याची जाण असलेला शिक्षक हवा, हा त्यामागचा हिशेब होता.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर याच्याही पुढचे पाऊल टाकले. 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर या बायांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर नेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द तिथले. पाठाची आखणी मूल जिथे आहे तिथून सुरू होते, ही गोष्ट त्यांनी अक्षरशः पायी चालून दाखवली.

आपल्या मराठवाड्याची कथा थोडी वेगळी आहे. पिशोर हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मुंबई इलाख्यातली ही चळवळ आपल्याकडे उशिरा आणि गाळून पोचली. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, पण ती भाषा उर्दू होती. मराठी घरातल्या मुलाला सरकारी माध्यमिक शाळेत इतिहास, गणित, शास्त्र सारे उर्दूतून शिकावे लागे. त्याचे पूर्वज्ञान एका भाषेत आणि पाठ दुसऱ्या भाषेत! मातृभाषेसाठी आणि राष्ट्रीय शिक्षणासाठी औरंगाबाद, हिप्परगा, अंबाजोगाई अशा ठिकाणी लोकांनी स्वतःच्या शाळा चालवल्या, त्या याच कारणाने. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला शिक्षक होते, हे या संदर्भात विसरू नये.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले, आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू होऊन खेड्यातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. गावोगाव शाळा निघाल्या आणि शिक्षक हवे झाले. त्या पिढीतले कितीतरी गुरुजी फायनल पास होऊन थेट वर्गात उभे राहिले. प्रशिक्षण त्यांनी नोकरीत असताना घेतले. एका खोलीत चार इयत्ता सांभाळणाऱ्या त्या माणसांनी पाच पायऱ्यांचे टाचण रोज कसे लिहावे? पण पहिलीला पाटीवर काम देऊन तिसरीला गणित सांगायचे आणि तोवर चौथीकडून वाचन करून घ्यायचे, हे गणित ते मनात मांडूनच शाळेत शिरत. तेही टाचणच होते. फक्त कागदावर नव्हते.

नंतरच्या साठ वर्षांत वहीत रकाने वाढत गेले. अमेरिकेत बेंजामिन ब्लूम यांनी 1956 साली शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. 1961 साली दिल्लीत राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद स्थापन झाली, आणि टाचणात उद्दिष्टे व स्पष्टीकरणे आली. मूल सांगते, ओळखते, तुलना करते, उपयोग करते, अशी क्रियापदे शिक्षक लिहू लागला. यामुळे एक चांगली गोष्ट झाली. 'मी काय शिकवणार' याऐवजी 'मुलाला काय करता येणार' हा प्रश्न पुढे आला.

त्यानंतर सूक्ष्म अध्यापन आले. स्टॅनफर्ड विद्यापीठात 1963 च्या सुमारास निघालेली ही रीत आपल्याकडे बडोद्यासारख्या ठिकाणी संशोधन होऊन रुळली. प्रश्न विचारणे, उदाहरण देणे, फलकलेखन असे एकेक कौशल्य वेगळे काढून त्याचा सराव करायचा. आपल्याकडच्या नमुन्यात एक फेरी 36 मिनिटांची : 6 मिनिटे शिकवणे, 6 मिनिटे चर्चा, 12 मिनिटे पुन्हा आखणी, 6 मिनिटे पुन्हा शिकवणे आणि 6 मिनिटे पुन्हा चर्चा. या हिशेबात सर्वांत जास्त वेळ कशाला दिला आहे पाहा. पुन्हा आखणीला! चुकलेला पाठ नव्याने मांडणे हेच खरे शिकणे, ही कबुली त्या बारा मिनिटांत आहे.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावादाचा विचार पुढे आणला : मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान उभे करते, शिक्षकाने त्याला हात द्यावा. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि वीस आठवड्यांचा शालेय अनुभव आवश्यक ठरला. नावे बदलली, पण घोळ तोच राहिला. बाजारात तयार टाचणे मिळू लागली आणि आता ती मोबाइलवरही मिळतात. पूर्वी एका मित्राची वही उतरवावी लागे. आता हजारोंची एकच वही झाली आहे.

तेव्हा मित्रहो, इतिहासातून एवढे हाती लागते की, रकाने किती आहेत यावर टाचणाची किंमत ठरत नाही. ते कोणासाठी लिहिले आहे यावर ठरते. निरीक्षकासाठी लिहिलेले टाचण निरीक्षकाबरोबर उठून जाते.

एक उदाहरण घेऊ. समजा, पिशोरच्या शाळेत एका छात्राध्यापिकेला वरच्या प्राथमिक वर्गात क्षेत्रफळ शिकवायचे आहे. 'आर' आणि 'हेक्टर' ही एकके. पुस्तकात सूत्र आहे : लांबी गुणिले रुंदी. तयार टाचणात कदाचित शहरातल्या दिवाणखान्याच्या फरशीचे उदाहरण असेल. ती काय करील?

आदल्या दिवशी मधल्या सुटीत ती मुलांत बसेल आणि गप्पांतून अंदाज घेईल. तिला कळेल की, 'आर' हा शब्द थोड्यांनाच माहीत आहे, पण 'गुंठा' आणि 'एकर' हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत. चाळीस गुंठ्यांचा एकर, हे तर बोलताबोलता एखादी मुलगी सांगून टाकील. मिळाले पूर्वज्ञान! आता तेच वहीत लिहायचे.

मग उद्दिष्ट. एकच, पण डोळ्यांनी पाहता येईल असे : तासाच्या अखेरीस मुले मैदानावर एक आर जागा आखून दाखवतील आणि शंभर आरांचा हेक्टर होतो हे सांगतील.

मग साधन. एक सुतळी, मीटरची टेप आणि थोडी रांगोळी किंवा चुना. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद चौरस, 1089 चौरस फूट. एक आर म्हणजे 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद चौरस, 100 चौरस मीटर. मुलांचा एक गट गुंठा आखील, दुसरा त्याच कोपऱ्यापासून आर आखील. दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर पडतील, कारण 33 फूट म्हणजे 10 मीटरांहून जेमतेम सहा सेंटिमीटर जास्त. मुले चकित होतील आणि आपणहून म्हणतील, "बाई, आर म्हंजी गुंठाच की!" नेमके तिथे तिने थांबायचे आणि विचारायचे : अगदी तंतोतंत का? मोजून पाहा. नियम त्या मोजण्यातून निघेल. त्यानंतरच सातबाऱ्याचा नमुना दाखवायचा. 0.40 हेक्टर म्हणजे 40 आर, म्हणजे एकराच्या किंचित आतले रान, हे मूल स्वतः वाचील. 1957 साली नवे पैसे आले आणि पाठोपाठ मीटर-किलो आले तेव्हा गुरुजींनी गावाला अशीच जुन्याची नव्याशी सांगड घालून दिली होती.

आता टाचणातली सर्वांत महत्त्वाची ओळ. ती कोणत्याही तयार वहीत सापडणार नाही. वर्गात काही मुले शेतमजुरांची असतील. त्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नसेल. "तुमच्या घरी किती एकर आहे?" हा प्रश्न सोपा वाटतो, पण तो विचारला की त्या मुलांची मान खाली जाते आणि पुढचा पाठ त्यांना ऐकू येत नाही. म्हणून वहीत लिहून ठेवायचे : हा प्रश्न विचारायचा नाही, शाळेचे मैदान मोजायचे, ते सगळ्यांचे आहे. शिवाय सुतळीचे टोक धरायला अशाच एखाद्या मुलाला पुढे बोलवायचे.

वेळेचा हिशेबही मांडायचा. पस्तीस मिनिटांत पाच मिनिटे बोलणे, पंधरा मिनिटे मैदान, दहा मिनिटे वही, पाच मिनिटे पडताळा. मैदानावर गलका होणारच. मुलांना परत वर्गात आणायला दोन मिनिटे धरावीत. पाऊस आला तर वर्गात एक चौरस मीटर आखायचा, हेही आधीच ठरवून ठेवावे. कापूस वेचणीच्या दिवसांत काही मुले गैरहजर असतात. ती परत आली की त्यांना हा पाठ कोण सांगणार, त्या जोडीदारांची नावे वहीच्या कडेला टिपावीत. इथे आपल्याला पंतोजींच्या ओसरीवरची थोरली मुले पुन्हा उपयोगी पडतात.

आणि पाठ झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळी लिहाव्यात : कुठे अडले, उद्या काय बदलायचे. सूक्ष्म अध्यापनातली ती बारा मिनिटे हीच. वर्षभर अशा दोन-दोन ओळी लिहिल्या तर शिक्षकाजवळ त्याच्या गावाचे, त्याच्या मुलांचे एक पुस्तक तयार होते. ते कुठल्याही बाजारात मिळत नाही.

पाठ पाहणाऱ्या गुरुजनांनाही हात जोडून एक विनंती आहे. छात्राध्यापक टाचण सोडून मुलाच्या प्रश्नामागे गेला तर त्याचे गुण कापू नका. नव्या माणसाला वर्गात भीती असते आणि वही हा त्याचा आधार असतो. तो आधार त्याने क्षणभर सोडला, तर ते धैर्य आहे.

माझ्या त्या वहीतली शेवटची ओळ मी पुढे पुष्कळदा वाचली. त्या मुलाला मी खाली बसवले त्याला आता फार वर्षे झाली. काही वर्षांनी भरती-ओहोटीचाच पाठ पुन्हा घ्यायची वेळ आली, तेव्हा मी मुलांना गावच्या तळ्यावर नेले. म्हटले, "हे पाणी सकाळी इथवर असते, संध्याकाळीही इथवरच असते. आता असं एक तळं मनात आणा, की ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही, आणि ज्याचं पाणी दिवसातून दोनदा वर येतं, दोनदा मागे जातं." मग कितीतरी वेळ त्यांचे प्रश्न संपेनात.